दुसऱ्या भागाचे तीन भाग

मी कादंबऱ्या वाचत नाही. यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही. पाणीपुरवठा कार्यालयात अधीक्षक म्हणून दिवसभर इतकं वाचावं लागतं की घरी आल्यावर औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा मी बायकोकडून वाचून घेतो. त्यामुळे ‘कोरडी हद्द’ या कादंबरीचा दुसरा भाग आमच्या घरात आला, तेव्हा घरातला एकमेव तटस्थ माणूस मी होतो. पुढचं सगळं रामायण त्या तटस्थपणामुळेच घडलं.

ही कादंबरी मुलांसाठी आहे असं तिच्या पाठीवर छापलेलं आहे. तीत एक शहर आहे, शहराभोवती भिंत आहे आणि पाण्याच्या सगळ्या चाव्या एका दुष्ट जलमंडळाच्या हातात आहेत. (हे कानावर आलं तेव्हा मी खात्याच्या वतीने जेवणाच्या टेबलावर नापसंती व्यक्त केली होती. कुणी लक्ष दिलं नाही.) तिथल्या मुलांना नावं नसतात, नंबर असतात. नायिकेचा नंबर सतरा आणि तिच्या भावाचा एकवीस. पहिल्या भागाच्या शेवटी मंडळाची माणसं एकवीसला उचलून नेतात आणि पुस्तक संपतं.

आमची मुलगी चिमणी पंधरा वर्षांची आहे. पहिला भाग संपल्यापासून ती घरातलंच कुणी हरवल्यासारखी वावरत होती. मुलगी एवढं काय वाचते ते बघावं म्हणून बायकोने पुस्तक हातात घेतलं आणि त्या दिवशी दूध उतू गेलं. माझे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडेच असतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. ते भूमितीचे निवृत्त शिक्षक. पुस्तकातल्या भिंतीची उंची आणि बुरुजाची सावली यांचा मेळ बसत नाही, एवढंच सिद्ध करायला म्हणून त्यांनी पुस्तक घेतलं, आणि मग गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या बाईंना दोनदा परत पाठवलं.

तर असे हे तीन वाचक, आणि दुसऱ्या भागाची प्रत एक. पुस्तक विटेएवढं जाड. पहिल्या दिवशी तिघांनी मोठ्या समजूतदारपणे वेळा वाटून घेतल्या. दुसऱ्या दिवशी नानांनी दुपारी सगळे बाहेर असताना जादा वाचल्याचं उघडकीला आलं, कारण पानावर पेन्सिलीने काढलेला त्रिकोण सापडला. तिसऱ्या दिवशी बायको भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली आणि पिशवीत पुस्तक होतं. भाजी काही आली नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी कुणाची तरी खूण हलवली आणि घरात जी शांतता पसरली, ती मला ऑडिटच्या आठवड्यातसुद्धा ऐकायला मिळालेली नाही.

अशा प्रसंगी शेजारी मागे राहत नाहीत. समोरच्या काकू वाटीभर साखर परत करायला आल्या आणि बसल्या.

“एकाने मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्याकडे असंच होतं.”

“तुमच्याकडे कोण वाचतं?” बायकोने विचारलं.

“कुणी नाही. पण वाचलं तर असंच वाचू.”

वरच्या मजल्यावर वकील राहतात. त्यांना विषय कळला होता, कारण आमच्या जिन्यात काहीच गुप्त राहत नाही. ते दारातच उभे राहून म्हणाले, “एवढा त्रास कशाला? शेवट नेटवर मिळेल की. दोन मिनिटांचं काम.”

चिमणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी असतो तर वकिली सोडली असती. “काका, जेवायचं नाही आणि नुसता ढेकर द्यायचा का?”

वकील वर निघून गेले. आणि मला, आयुष्यात क्वचित सुचते तशी कल्पना सुचली.

आमच्या कार्यालयात फाईल फार जाड झाली की तिचे खंड पाडतात. खंड एक, खंड दोन, खंड तीन. प्रत्येकाला खाकी पुठ्ठे, मागे कापडी पट्टी. मग एकाच वेळी तीन टेबलांवर एकच प्रकरण चालू शकतं, म्हणजे पडून राहू शकतं. ही पद्धत पुस्तकाला का लावू नये? बायको सुरुवातीलाच अडखळत होती, नाना मधल्या भागात शिरले होते आणि चिमणी दोन तृतीयांश संपवून बसली होती. तिघांना तीन खंड दिले की घरात शांतता. इतका सोपा उपाय इतक्या शिकलेल्या घरात कुणाला सुचू नये याचं मला वाईटही वाटलं.

“पुस्तक कापायचं?” चिमणी म्हणाली.

“कापायचं नाही. विभागणी करायची. आमचा फायली बांधणारा दफ्तरी हे काम डोळे मिटून करतो.”

“डोळे उघडे ठेवून करायला सांगा,” नाना म्हणाले.

चिमणीने बराच वेळ विचार केला. त्या शनिवारी वाचनालयात त्यांच्या वाचक मंडळात या दुसऱ्या भागावर चर्चा होती आणि चर्चेची सुरुवात ती करणार होती. त्यासाठी ती महिनाभर भांडली होती. तिथे सगळे शेवटावरच बोलणार, हे उघड होतं. तोवर पुस्तक संपलं नसतं तर तिला शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला असता. या गतीने ते संपणारही नव्हतं.

“बाबा, शब्द दे. तिसरा खंड उद्याच्या उद्या माझ्या हातात. आणि शेवट माझ्याआधी कुणी वाचायचा नाही. घरात नाही, ऑफिसात नाही. तू पण नाही.”

“मी कादंबऱ्या वाचत नाही,” मी म्हणालो.

“तरी शब्द दे.”

मी शब्द दिला. माझ्या शब्दावर त्या घरात कुणी काही सोपवावं असा तो पहिलाच प्रसंग होता आणि मला, खरं सांगतो, छाती फुगल्यासारखं झालं. तिने सतरा आणि एकवीस भेटणार की नाही अशा जागी पान मिटलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

दफ्तऱ्याने काम झकास केलं. दाभणाने भोकं पाडली, दोरा ओवला, खळ लावली आणि पाठीला लाल पट्टी चढवली. दोन खंड संध्याकाळी मिळाले. तिसऱ्याची खळ ओली होती म्हणून तो त्याने रात्रभर वजनाखाली ठेवला. मी दोन खंड घेऊन घरी गेलो, बायकोला एक दिला, नानांना दुसरा, आणि चिमणीला म्हणालो, “तुझा वाळतोय. उद्या.” त्या संध्याकाळी आमच्या घरात जी शांतता होती, तिचं श्रेय घेत मी दोन वेळा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफ्तऱ्याकडे गेलो तर खंड तीन नव्हता.

“मी आवकच्या टेबलावर ठेवला होता,” तो म्हणाला. “पंख्याखाली तीच एक जागा आहे.”

आता आवक म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी आवक टेबलावर येतो, त्याच्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो, आणि मग तो आपल्या प्रवासाला निघतो. आमच्या आवक टेबलावरच्या बाई इतक्या तत्पर आहेत की त्यांच्या टेबलावर डबा ठेवायला कुणी धजत नाही. त्यांनी सकाळी आल्या आल्या खाकी पुठ्ठ्यातला नवा कागद पाहिला, उघडला आणि पहिली ओळ वाचली. तिसऱ्या खंडाची पहिली ओळ अशी होती: ‘तिसऱ्या दिवशीही नळाला पाणी आलं नाही आणि बुरुजाखालची माणसं आता गप्प बसायला तयार नव्हती.’

“तक्रार होती,” बाई म्हणाल्या. “केली नोंद. गेली तक्रार निवारणाला.”

“अहो, ती कादंबरी आहे.”

“साहेब, तक्रारी हल्ली लांबच असतात.”

मी तडक तक्रार निवारण कक्षात गेलो. तिथले कनिष्ठ अभियंता खंड तीन उघडून बसले होते. मी मोठ्या प्रेमाने म्हणालो की हा माझा खाजगी कागद चुकून आलाय, देऊन टाका. त्यांनी भिंतीवर लावलेल्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. ‘आवक झालेला कोणताही कागद, प्रकरण निकाली निघाल्याशिवाय, कोणत्याही सबबीवर कक्षाबाहेर देऊ नये.’ खाली सही होती. ती माझीच होती. मागे एकदा फाईल हरवली होती, तेव्हा मीच ते परिपत्रक काढलं होतं आणि भाषा कडक झाल्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“मग निकाली काढा,” मी म्हणालो.

“काढतो. पण स्थळपाहणी करावी लागेल. सातवा बुरूज कुठल्या वॉर्डात येतो?”

मी पुन्हा सांगितलं की ही कादंबरी आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या, सोबत आधीच्या दोन खंडांचा गोषवारा जोडा, म्हणजे कादंबरी आहे हे सिद्ध होईल. नुसत्या तोंडी बोलण्यावर उद्या प्रत्येक तक्रारीला कुणीही कादंबरी म्हणेल. यात तथ्य होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

घरी गेलो. चिमणी दारातच उभी होती. मी म्हणालो, “हवेत दमटपणा आहे. खळ वाळत नाहीये.” बाहेर दोरीवर सकाळी टाकलेले कपडे खडखडीत वाळून हलत होते, तिकडे तिने एकदा पाहिलं.

आता गोषवारा लिहायचा म्हणजे आधी वाचणं आलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. बायको चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायला गेली, तेव्हा तिच्या उशीखालचा पहिला खंड काढला. निव्वळ कार्यालयीन कामासाठी. पहिली काही पानं मी पेन घेऊन वाचली. नंतर पेन कुठे गेलं ते मला माहीत नाही. सतरा मंडळाच्या टाकीत उतरते आणि वरून झाकण बंद होतं, त्या जागी काकू बेल वाजवत होत्या आणि मी दार उघडलं नाही. दार उघडल्यावर झाकण उघडणार नाही, असं काहीतरी मला वाटत होतं. दुपारी नानांचा डोळा लागला तेव्हा मी दुसरा खंड त्यांच्या पोटावरून अलगद उचलला. ते जागे झाले आणि म्हणाले, “चोर.” मी म्हणालो, “गोषवारा आहे नाना.” ते म्हणाले, “पान एकशेसत्तर बघा, बुरुजाचा कोन चुकलाय,” आणि कुशीवर वळले.

थोडक्यात, संध्याकाळपर्यंत मी, जो कादंबऱ्या वाचत नाही, तो सतरा आणि एकवीस यांची भेट होते की नाही या काळजीने व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. गोषवारा नऊ ओळींत बसला असता. मी सोळा पानं लिहिली आणि त्यातली चार जलमंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कारस्थानीपणावर होती.

चिमणी शाळेतून आली, माझ्या मांडीवर दुसरा खंड पाहिला आणि दप्तर खाली ठेवलं.

“बाबा, खरं सांग. तिसरा कुठंय?”

“तक्रार निवारणात,” मी म्हणालो. “तो नोंद झालाय बाळा. क्रमांक पडलाय त्याला.”

मला वाटलं होतं ती रडेल, आदळआपट करेल. ती म्हणाली, “बरं.” एवढंच. आणि आत गेली. ज्यांना मुली आहेत त्यांना त्या ‘बरं’चा अर्थ मी सांगायला नको. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मीठ हवं असलं तरी ती आईला म्हणे, “आई, मिठाची बरणी त्यांच्याकडे आहे.” आयुष्यभर जिने मला अरे-तुरे केलं, तिच्या तोंडचं ते ‘त्यांच्याकडे’ मला जितकं लागलं तितका कुठला मेमोसुद्धा लागलेला नाही.

शहरातली पुस्तकांची दुकानं पालथी घातली. दुसरा भाग सगळीकडे संपला होता, पहिला हवा तेवढा मिळत होता. चिमणीच्या मैत्रिणींकडच्या प्रती त्यांच्या भावंडांत, आत्यांत आणि एका ठिकाणी तर दंतवैद्यांत अडकल्या होत्या. वकिलांनी सुचवलं की मी स्वतःविरुद्ध स्थगिती आणावी. काकूंनी सुचवलं की मी मुलीला बाहेर जेवायला न्यावं. मी तिला विचारलं, तर तिने आईला सांगितलं की तिला भूक नाही.

गुरुवारी गोषवारा घेऊन ऑफिसात गेलो तर फाईल पुढे सरकली होती. कनिष्ठ अभियंत्यांनी शेरा मारला होता: ‘प्रत्यक्ष पाहणीत सातवा बुरूज आढळून आला नाही. तथापि तक्रारदार मुलीचे धैर्य उल्लेखनीय असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ खाली विधी शाखेचा शेरा: ‘एकवीस यास नोटीस न देता ताब्यात घेतले. नैसर्गिक न्यायाचा भंग.’ कॅन्टीनमध्ये तीन वेगवेगळ्या शाखांची माणसं एका टेबलावर डोकी जोडून बसली होती आणि मी जवळ गेलो की गप्प होत होती. मला शेवट कळू नये म्हणून मी कानात बोटं घालून वावरत होतो. शब्द दिला होता ना. लोकांना वाटलं माझा कान दुखतोय, दोघांनी थेंब आणून दिले.

दुपारी मुख्य अधिकारी मॅडमचं बोलावणं आलं. मॅडम म्हणजे आमच्या कार्यालयातला शेवटचा शब्द. त्या करड्या रंगाचे कपडे घालतात, स्वतःच्याच कपात चहा घेतात आणि कधी आवाज चढवत नाहीत. कादंबरीतल्या अध्यक्षबाईही नेमक्या तशाच. गोषवाऱ्यातली ती चार पानं मॅडमच्या समोर उघडी होती.

“‘थंड नजरेची, पाण्याच्या थेंबाचाही हिशेब ठेवणारी बाई,’” त्यांनी वाचून दाखवलं. “हे माझ्याबद्दल आहे?”

“नाही मॅडम. त्या दुसऱ्या. काल्पनिक.”

“हं.” त्या फाईलवर बोटं वाजवत राहिल्या. “मी काल हे वाचायला घेतलं. तक्रार आहे, वाचावीच लागते. मला एवढंच सांगा, बुरुजाखालच्या लोकांना पाणी मिळालं का?”

“मला माहीत नाही.”

“मलाही माहीत नाही. शेवटचं पानच नाही यात. आधीचं पान अर्ध्या वाक्यात तुटतं. सगळे शेरे बघा. ‘शेवटचे पान जोडून फेरसादर करावे.’ सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

त्यांनी तिथल्या तिथे दफ्तऱ्याला बोलावलं. तो बिचारा म्हणाला, “शेवटचं पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलं मॅडम. पुठ्ठा धरून राहायला लागतं ना. आपल्या फायलींचं शेवटचं पान कोरंच असतं.”

माझ्या मनात काय झालं ते कसं सांगू. पुस्तकाचा शेवट खळीखाली गाडला गेला होता, हे दुःख तर होतंच. पण त्याच क्षणी लक्षात आलं की कार्यालयातल्या इतक्या लोकांनी तो खंड वाचला आणि शेवट एकालाही वाचता आलेला नाही. माझा शब्द मोडलेला नव्हता. एका दफ्तऱ्याच्या खळीने तो धरून ठेवला होता.

“मॅडम, फाईल मला द्या. मी घरी नेऊन वाफेने पान सोडवतो.”

“निकाली निघाल्याशिवाय बाहेर देता येत नाही. परिपत्रक आहे.” त्या थांबल्या. “आणि तक्रारदाराला पाणी मिळालं की नाही हे कळल्याशिवाय ती निकाली काढता येत नाही. म्हणजे ते पान पाहिल्याशिवाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.” मग त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि त्याच शांत आवाजात म्हणाल्या, “माझ्या ताब्यात राहिली तर ती कुठेही जाऊ शकते. उद्या ऑफिस सुटल्यावर तुमच्या घरी येते. स्थळपाहणी म्हणून.”

मुख्य अधिकारी घरी येणार, या बातमीने आमच्या घरात जे झालं ते वेगळ्या कथेचा विषय आहे. बायकोने पडदे धुतले. नानांनी बुरुजाची आकृती मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावली. काकू शुक्रवारी दुपारपासूनच कोथिंबीर मागण्याच्या निमित्ताने येऊन बसल्या होत्या, त्यांना अखेर कोथिंबिरीसकट पाठवावं लागलं. चिमणी मात्र आईला म्हणाली, “त्यांना सांग, मी आज लवकर झोपणार आहे.”

मॅडम आल्या. पिशवीतून खंड तीन काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर आवक क्रमांक होता, चार शिक्के होते, समासात शेरे होते. चिमणी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तक्रारदार हीच का?”

“हो,” मी म्हणालो. “माझ्याविरुद्ध.”

मॅडमनी खंड तिच्या हातात दिला. “तुम्ही आधी वाचा. शेवटच्या पानाचं नंतर बघू. मला तोवर खंड एक द्या, मला मागील कागदपत्रं नीट बघायची आहेत.” बायकोने पहिला खंड दिला, पण असा, की जणू स्वतःची किडनीच दान करतेय. मॅडम खुर्चीत बसल्या आणि दहा मिनिटांनी त्यांचा कप विसरला गेला.

चिमणी खिडकीपाशी गादीवर बसून वाचायला लागली. मी काय करणार? उभा होतो. खरं तर मला जाऊन दुसरीकडे बसायला हवं होतं. पण त्या तिसऱ्या खंडात एकवीस होता, आणि दोन दिवस मी त्याच्यासाठी झोपलो नव्हतो. मी हळूच तिच्या शेजारी बसलो आणि तिरक्या मानेने वाचू लागलो. ती बाजूला झाली नाही. ती माझ्यापेक्षा भरभर वाचते. पानाच्या तळाशी पोचली की ती कोपरा बोटात धरायची आणि थांबायची. वर बघायची नाही, विचारायची नाही. मी शेवटची ओळ संपवून श्वास सोडला की पान उलटायची. असं कितीतरी पानं. एकदा मी मुद्दाम आधीच श्वास सोडला, तर तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मी अजून मध्येच आहे हे ताडलं आणि पान धरून ठेवलं.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर आम्ही तुटलेल्या वाक्यापाशी पोचलो. सतराचा हात मुख्य चावीवर आहे, मागून पहारेकऱ्याची शीळ ऐकू येते, ती वळते आणि. त्यापुढे खाकी पुठ्ठा.

बायकोने किटली ठेवली. ती अजून पहिल्याच खंडात होती, म्हणून काही दिसू नये यासाठी डोळे गच्च मिटून वाफेवर पुठ्ठा धरून उभी राहिली. नानांनी कुठल्या कोनातून पान ओढायचं ते सांगितलं, तेही डोळे मिटून. पान सुटलं. सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि मॅडमनी पाहिलं तर पानाची मागची बाजू कोरी झाली होती. अक्षरं खळीबरोबर पुठ्ठ्यावर राहिली होती, आणि उलटी.

“आरसा,” चिमणी म्हणाली.

आमच्याकडे मोठा आरसा एकच, बाथरूममध्ये. ती पुठ्ठा घेऊन आत गेली आणि दार लोटलं. आम्ही बाहेर उभे. मॅडम, नाना, बायको कानात बोटं घालून, आणि मी. आतून काहीही आवाज नाही. पाऊण पान वाचायला किती वेळ लागतो? मी आयुष्यात इतका वेळ कुठल्या दाराबाहेर उभा राहिलेलो नाही, आणि मी सरकारी माणूस आहे.

मग दार उघडलं. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती, त्यामुळे काय झालं असावं ते काहीच कळेना. मॅडम पुढे सरकल्या, ते रीतीला धरूनच होतं. फाईल त्यांची, हुद्दा त्यांचा.

“थांबा,” चिमणी मॅडमना म्हणाली. “आधी बाबा.”

मुख्य अधिकाऱ्यांना दाराबाहेर थांबवून मी आत गेलो. आरशावर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. तिने बाहीने ती पुसली आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी आरशाकडे तोंड करून धरला, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, जरा टाचा उंचावून. अक्षरं फिकी होती, काही अर्धी गेली होती. मी एकेक ओळ लावत वाचू लागलो. ती पुठ्ठ्याकडे बघतच नव्हती. आरशात ती माझ्याकडे बघत होती, मी कुठल्या ओळीवर आहे ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखत. मी शेवटून दुसऱ्या ओळीवर आलो आणि तिचा श्वास थांबला. मी शेवटची ओळ वाचली.

“अगं,” मी म्हणालो.

“ना?” ती म्हणाली.

“म्हणजे ती शीळ मुळात त्याची…”

“शू,” चिमणी म्हणाली, आणि पुठ्ठा तसाच धरून माझ्या कानाशी आली. “हळू बोल. बाहेर मॅडम आहेत.”